रेवाचा तक्ता

सोमवार, २१ सप्टेंबर १९४२. संध्या. साडेसात (नवी वेळ)

आजपासून वेळेपुढं कंसात 'नवी वेळ' लिहायचं ठरवलं. लढाई सुरू आहे म्हणून सरकारनं एक तारखेपासून घड्याळं तासभर पुढं केली. तीन आठवडे झाले, तरी आमचे लोक विचारून राहिले, नवी का जुनी? इथं जबलपूरला तोफगाड्यांच्या फॅक्टरीचा भोंगा नव्या वेळेवर, गढ्याच्या जुन्या वस्तीतला सगळा कारभार जुन्या. हे असं कसं चालेल बापा? लढाई जिंकायची का नाही?

फॅक्टरी सुटल्यावर सायकलनं परस्पर गढ्याला गेलो. भय्यासाहेबांची घोडी आजारी. जबड्याखाली लिंबाएवढी गाठ, नाक वाहतं, अंग तापलेलं. चारा तोंडात घेते नि खाली टाकते.

भय्यासाहेब म्हणजे आमच्या बाबांचे मित्र, वय त्र्याहत्तर. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत घोड्यावरून इथं आले, ते इथलेच झाले. तेव्हापासून त्यांच्या दाराशी घोडं नाही असा एकही दसरा गेलेला नाही. जमीन गेली, मान गेला, घोडं राहिलं. आता ही एकच, रेवा. दोन वर्षांची. ती आठ दिवसांची असताना आई मेली. भय्यासाहेबांच्या मुलानं, श्यामसुंदरनं, बाटलीनं दूध पाजून वाढवली. श्याम आता फौजेत, देवळालीला. परदेशी लढाईवर न्यायला बोट केव्हा लागेल सांगता येत नाही.

भय्यासाहेब ओट्यावर नुसते बसून होते. त्यांना म्हटलं, काळजी सोडा, आता मी आलो. ते म्हणाले, हव, बस.

ठराव: (१) रोज गढ्याला जाणे. (२) आजाराची पद्धतशीर नोंद. (३) उद्या घोडीला हात लावणे. आज लावला नाही कारण अंगात नवा सदरा होता.


बुधवार, २३ सप्टेंबर. सकाळी सहा (न. वे.)

तक्ता तयार. मी प्रोग्रेस सेक्शनमध्ये आहे. तोफेचा गाडा कोणत्या शॉपमध्ये अडला, काहून अडला, हे आमच्या तक्त्यावर एका नजरेत दिसतं. घोडीला वेगळा नियम काहून असावा? जाड कागद, दोन रंगांच्या पेन्सिली. रकाने: वेळ, ताप, चारा, पाणी, लीद, औषध, मनःस्थिती, सही.

सुनेत्रानं विचारलं की मनःस्थिती कोणाची. बायकोला पद्धतशीरपणाची आवड नाही. तिच्या माहेरी, उमरेडला, दाराशी दोन घोडी होती. तेवढ्यावरून ती सांगत होती की गाठ पिकली पाहिजे, जवसाचं गरम पोटीस बांधा नि कढत पाण्याची वाफ द्या. मी म्हटलं, आधी नोंद, मग उपाय.


बुधवार, तीच तारीख. संध्या. सात (न. वे.)

तक्ता तबेल्याच्या खांबाला लावला. शालिग्राम आला होता. हा गढ्यातला सालोत्री, तीन पिढ्या घोड्यांची औषधं करून राहिले. त्यानं गाठ दाबून पाहिली आणि सांगितलं, जवसाचं पोटीस बांधा नि वाफ द्या. म्हणजे माझ्या मनात होतं तेच. शिवाय दिवसातून दोनदा काढा. तक्ता बघून म्हणाला, बाबूजी, घोड़ी को पढ़ना आता है क्या? अडाणी माणूस. पण हात हलका आहे.

तक्त्यावर काढ्याची वेळ ठळक लिहिली: सकाळी सहा, संध्याकाळी सहा. भय्यासाहेबांना वाचून दाखवली. त्यांची नजर अधू, श्यामची पत्रंही मीच वाचतो. ते म्हणाले, बरं.

घोडीला हात: लावला नाही. ती माझ्याकडे बघून राहिली होती. आठ हातांवरून निरीक्षण केलं. देखरेख लांबूनच नीट होते.


शुक्रवार, २५ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. नव्या कामाला, म्हणजे घोडीला हात लावायला, चांगले दिवस नाहीत.

सुनेत्रा दोन दिवस दुपारची गढ्याला जाऊन राहिली. म्हणते तिकडे भाजी ताजी मिळते. तिच्या हाताला जवसाचा वास होता. चटणी केली असेल म्हणून वाट पाहिली. पानात चटणी नव्हती, भाजी पण कालचीच.


रविवार, २७ सप्टेंबर. दुपारी (न. वे.)

सुटी. घरी बसवेना. विचार केला, श्यामला कळवणं माझं कर्तव्य आहे. दोन पानी रिपोर्ट लिहिला. लक्षणं, उपाय, तक्त्याची नक्कल. शेवटी लिहिलं, 'स्थिती गंभीर असली तरी सर्व माझ्या देखरेखीखाली असल्याने तू निश्चिंत राहावे.' स्वतः पेटीत टाकून आलो. फार समाधान वाटलं.


रविवार, तीच तारीख. संध्या. आठ (न. वे.)

समाधान गेलं.

गढ्याला गेलो तर भय्यासाहेब आपण होऊन बोलले. ते क्वचित बोलतात. म्हणाले, शशिकांत, एक सांभाळ, श्यामला यातलं काही कळू देऊ नको. तो असा आहे की रजा-बिजा मागणार नाही, गाडीत बसेल नि निघून येईल. लढाईच्या दिवसांत न सांगता निघून आलेल्या शिपायाचं काय करतात ते तुला माहीत आहे. घोडी गेली तर मी एक वेळ सोशीन. पोरगा नको जायला.

मी म्हटलं, छे छे, मी कशाला कळवतो?

पोस्टाची पेटी पाच वाजता उघडतात. नव्या वेळेनं का जुन्या, हे आठवेना. सायकल दामटत गेलो. पेटी रिकामी.


मंगळवार, २९ सप्टेंबर

काल आणि आज संध्याकाळी सहाला (न. वे.) बरोबर पोचलो. दोन्ही दिवशी काढ्याचा रकाना कोरा! भय्यासाहेब तिकडे ओट्यावर डोळे मिटून निवांत माळ ओढत बसलेले. बेशिस्त. त्यांची माळ न मोडता शालिग्रामकडून काढा देववला, सही ठोकली, मग घरी आलो. मी नसतो तर या घोडीचं काय झालं असतं, कल्पना करवत नाही.

पत्र आता भुसावळच्या पुढं गेलं असेल.


गुरुवार, १ ऑक्टोबर. संध्या. (वेळ लिहावीशी वाटत नाही)

रेवाला काल सकाळपासून जुलाब. पाय थरथरतात, मान खाली. शालिग्रामनं मला सरळच विचारलं, दवा कितनी बार दी?

उलगडा झाला तो असा. भय्यासाहेबांच्या भिंतीवरचं घड्याळ जुन्या वेळेवर. मी सहाला जातो तेव्हा त्यांच्याकडे पाचच वाजलेले. मी काढा देववून, सही करून निघतो. मग त्यांच्या घड्याळात सहा वाजतात नि ते तक्त्याप्रमाणं, म्हणजे माझ्याच तक्त्याप्रमाणं, पुन्हा देतात. सही त्यांना दिसत नाही. तीन संध्याकाळी दुप्पट काढा.

चूक कोणाचीच नाही. चूक वेळेची. सरकारनं जनतेला नीट समजावून सांगायला पाहिजे होतं.

भय्यासाहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, तू तरी काय करशील, मीच घड्याळ फिरवायला पाहिजे होतं. नि रेवाच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मी आठ हातांवर उभा. माझ्याच्यानं बघवेना.

जेवण गेलं नाही. सुनेत्राला काही सांगितलं नाही, पण तिला सगळं माहीत होतं. कसं ते कळत नाही.


शुक्रवार, २ ऑक्टोबर

ठराव: श्याम आला तर त्याला स्टेशनावरच गाठून, समजूत घालून, उलट गाडीत बसवायचं. मुंबईची गाडी संध्याकाळी येते. आजपासून रोज फलाटावर. घरी सांगितलं की डॉक्टरनं मोकळ्या हवेत फिरायला सांगितलंय. सुनेत्रानं विचारलं नाही कोणत्या डॉक्टरनं.

फलाटावर खाकी कपड्यांचा नुसता पूर. पाठीमागून एक थेट श्याम! दंड धरला. तो पंजाबी निघाला. मी सॉरी म्हटलं, त्यानं जे म्हटलं ते लिहीत नाही.


शनिवार, ३ ऑक्टोबर

शेजारी म्हणतात, दुपारी आमच्याकडे तारवाला येऊन गेला. सुनेत्रा म्हणते, माहेरची तार होती, सगळं ठीक आहे. सगळं ठीक असेल तर तार कशाला करतात? पण जास्त विचारलं नाही, ती फणफणत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, काही माणसांच्या हातून पेन काढून घ्यायला पाहिजे. राशनच्या अर्जाबद्दल असावं.


रविवार, ४ ऑक्टोबर. दुपारी

आज वाईट दिवस. जुलाब थांबले आहेत, पण गाठ मोसंबीएवढी झाली, आतून घसा दाबते. श्वास घेताना घरघर, दहा घरांवर ऐकू जाईल अशी. नाकपुड्या फाकलेल्या. शालिग्राम म्हणाला, अजून पिकली नाही, आत्ता चीर दिली तर पू भलतीकडे जाईल, आणि नाही फुटली तर दम कोंडेल. फक्त वाफ द्या, सारखी द्या.

वाफ नाकापर्यंत पोचेना. बादलीतून सगळी हवेत. तेवढ्यात शालिग्रामनं इकडे-तिकडे बघितलं नि खांबावरचा माझा तक्ता ओढून काढला! आठ रकाने, दोन रंग! गुंडाळून त्याचं नळकांडं केलं, एक तोंड बादलीवर, दुसरं नाकपुडीशी. मी परवानगीचा मुद्दा काढणार होतो. पण रेवानं मान हलवली नाही. वाफ घेत राहिली. घरघर थोडी बसली.

भय्यासाहेब म्हणाले, कागद जाड आहे, चांगला आहे.

मग ते एकदम रडले. मोठा माणूस रडताना मी कधी पाहिला नव्हता. म्हणाले, माझ्या मनानं घेतलंय शशिकांत, ही राहिली तर तो परत येईल. मी त्यांना तोफेचा गाडा कसा बनतो ते सांगत बसलो. लाकूड कुठून येतं, चाकं कुठं होतात, कोणता फोरमन कोणाशी बोलत नाही. दोन तास. मध्ये ते म्हणाले, अस्सं? पुढं?

तेवढ्यात सुनेत्रा आली, भाजीची पिशवी घेऊन. म्हणाली, तुम्ही जा आता, तुमची हवा खायची वेळ झाली. खरंच गाडीची वेळ झाली होती.


बुधवार, ७ ऑक्टोबर. संध्या. सात

फुटलं! गळू फुटलं!

दुपारी फुटलं, मी फॅक्टरीत होतो. शालिग्राम सांगत होता, वाटीभर पू निघाला नि घोडीनं असा लांब श्वास घेतला, जशी जबलपूरची सगळी हवा तिलाच पाहिजे. संध्याकाळी पाणी प्यायली. स्वतः. भय्यासाहेब तिच्यापाशी उभे राहून काय काय बोलत होते.

एकूण विचार करता पद्धतशीर नोंदीचा विजय. तक्ता नसता तर नळकांडं कशाचं केलं असतं?

घोडीला हात: लावणार होतो, पण जखम ओली आहे.

श्याम अजून आला नाही. पत्र पोचलं नसेल. लढाईत पत्रं फार गहाळ होतात म्हणे. देवा, होऊ देत.


रविवार, ११ ऑक्टोबर

रेवानं कोंडा खाल्ला, वर हिरवं गवत. लाथ पण मारली, बादलीला. शालिग्राम म्हणतो, लाथ मारी, मतलब अच्छी हो गई.

नवा तक्ता करायला घेतला होता. भय्यासाहेब म्हणाले, राहू दे.

फलाटावरच्या हमालांना मी आता ओळखीचा झालो. एकानं विचारलं, बाबूजी, कौन आने वाला है? म्हटलं, कोणी नाही. तो म्हणाला, रोज कोई नहीं आता, फिर भी आप आते हो. उद्यापासून जायचं बंद.


सोमवार, १२ ऑक्टोबर

फलाटावर गेलो होतो. कोणी आलं नाही.


शनिवार, १७ ऑक्टोबर

भय्यासाहेबांकडे श्यामचं पत्र आलं आहे!! मला दाखवलं, लिफाफा बंद. हात पुढं केला तर म्हणाले, आज नाही, दसऱ्याला सगळे सोनं द्यायला येतील, तेव्हा रेवाच्या पूजेनंतर वाच, सगळ्यांसमोर. तुझा आवाज खणखणीत आहे.

पत्रात माझ्या रिपोर्टाबद्दल असणारच. दोन मार्ग: (१) त्या दिवशी घसा बसणे. (२) माझं नाव आलेली ओळ गाळून पुढं जाणे. दुसरा बरा. शिवाय दोन शब्द बोलायचा मसुदा पण केला: 'एका घोडीची शुश्रूषा व आधुनिक पद्धती.' कोणी आग्रह केलाच तर.


सोमवार, १९ ऑक्टोबर. दसरा. संध्याकाळी

क्रमानं लिहितो.

बोलावणं चारचं. मी चारला पोचलो. त्यांच्याकडे तीन वाजलेले. अंगणात कोणी नाही. तबेल्यात गेलो तर सुनेत्रा! मला वाटलं ती घरी पुरणाशी आहे. पदर खोचलेला, हातात खरारा, रेवाच्या पाठीवरून जोरजोरात फिरवून राहिली, आणि तिला सांगते कोणाबद्दल तर माझ्याबद्दल. रेवा तिच्या खांद्यावर तोंड टेकून डोळे मिटून उभी. बाजूला जवस भाजायची कढई, आमच्याच घरची. महिनाभर ही कढई सापडत नव्हती.

भाजी, वास, कढई. मी प्रोग्रेस सेक्शनमध्ये आहे म्हणे.

तिनं मला बघितलं आणि म्हणाली, आलात? आता तासभर बसा.

मग सगळे जमले. रेवाला न्हाऊ घातलेलं, कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ, जबड्याखाली अजून एक गुलाबी खूण. भय्यासाहेबांनी पूजा केली. आरतीचं ताट अगदी सरळ धरलं होतं. मग लिफाफा माझ्या हातात आला.

गाळायचं ठरवलं होतं, पण भय्यासाहेब अगदी माझ्या तोंडाकडे बघत बसले होते. गाळता आलं नाही. वाचलं ते असं: शशिकांतकाकांचा रिपोर्ट पोचला. त्यात लिहिलंय की सर्व त्यांच्या देखरेखीखाली आहे. ते वाचून माझ्या पायाखालची जमीन सरकली. ट्रंक घेऊन निघालोच होतो. पण आधी सुनेत्राकाकूंना तार केली. त्यांचं उत्तर आलं की पोटीस मी स्वतः बांधते आहे, काकांना घोडीला हात लावू देत नाही, तू जागचा हलू नको. म्हणून थांबलो. बाबा, तुम्ही मला कळवलं नाही ते बरोबर केलं, काकू कळवत राहिल्या ते पण बरोबर. काका अजून आठ हात लांबच उभे राहतात का?

हे मी खणखणीत आवाजात वाचलं. लोक इतके हसले की शालिग्राम, ज्याला मराठी अर्धवट कळतं, तो पण हसला. भय्यासाहेबांच्या डोळ्यांत पाणी, हसूनच.

शेवटची ओळ राहिली होती: बोट लागली आहे, हे पत्र पोचेल तेव्हा मी पाण्यावर असेन, दसऱ्याला रेवाला माझ्याकडून गूळ द्या. ती वाचताना माझा घसा खरंच बसला. हसणं थांबलं. सुनेत्रानं गूळ दिला.

मसुदा खिशातच राहिला. कोणी आग्रह केला नाही.

निघताना भय्यासाहेबांना म्हटलं, माझं चुकलं, पत्राचं आणि काढ्याचं. ते म्हणाले, पत्राचं तर श्यामची तार आली त्याच दिवशी मला कळलं होतं, सूनबाईनं, तुझ्या सुनेत्रानं, सांगितलं. म्हटलं, मग बोलला काहून नाही? ते म्हणाले, तू रोज येऊन इतकं डोकं खायचास बावा, की मला एकट्यानं बसून भलतं मनात आणायला सवडच मिळाली नाही. तुला बोललो असतो तर तू यायचा थांबला असतास.

हे कौतुक आहे का नाही, नक्की सांगता येत नाही. कौतुक धरून चालतो.

ठराव, एकच: घरी येऊन माझं घड्याळ तासभर मागं केलं. गढ्याची वेळ ती माझी वेळ.


मंगळवार, २० ऑक्टोबर. दुपारी (जुनी वेळ)

सकाळी भोंगा वाजला तेव्हा चहा पीत होतो. घड्याळात पाहिलं, तासभर अवकाश. वाटलं, आज भोंगा चुकला. सावकाश निघालो. फॅक्टरीचं गेट बंद. दरवानानं घड्याळ दाखवलं, मी माझं दाखवलं. तो म्हणाला, साहब, लड़ाई इसी टाइम से चल रही है. अर्ध्या दिवसाची रजा लागली.

करायला काही नाही म्हणून गढ्याला. भय्यासाहेबांनी काही न विचारता खरारा हातात दिला नि ओट्यावर जाऊन बसले. आसपास कोणी नाही, सदरा जुना, पितृपक्ष संपलेला, जखम सुकलेली. एकही कारण उरलं नाही.

लावला. मानेला, डाव्या बाजूनं. गरम असते. आतून काहीतरी थडथड चालू असतं. तिनं मान वळवून नुसतं फुरफुर केलं. त्यानंतर मी एकदम सायकलपाशी होतो, खरारा हातात. मधलं आठवत नाही.

भय्यासाहेब म्हणाले, पुरे आजच्याला, ये, श्यामला पत्र लिही. दोनच ओळी सांगितल्या. 'रेवा बरी आहे, गूळ खाल्ला. शशिकांतनं अखेर तिला हात लावला.'

मी लिहिलं. 'अखेर' तेवढं गाळलं, त्यांना दिसत नाही म्हणून. घरी आलो. सुनेत्रानं पाकीट चिकटवायच्या आधी वाचलं, माझ्याकडे बघितलं, पेन घेतलं आणि ओळीच्या वर घातलं: 'अखेर'.